काळ्या रानातून टेक्सासला पत्र

आदरणीय डॉ. यूजुन डेंग,
स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही, तरी तुमच्या मातीवरच्या संशोधनाचे आभार मानायला लिहितोय. कोपरगावजवळ माझा 11 गायींचा गोठा आहे. गेल्या वर्षी पावसात भिजलेला मका वाळवून मी त्याचा भरडा गव्हाणीत घातला आणि थोड्याच दिवसांत संकलन केंद्रावरून दूध परत आलं. अफ्लाटॉक्सिन एम-1, म्हणजे बुरशीच्या विषाचं दुधात उतरणारं रूप, किलोला 0.5 मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या वर. गाई धडधाकट, दुधाला ना वास ना वेगळी चव. कळणार तरी कसं?

खाद्यवाल्याने टॉक्सिन बाइंडर दिलं, खाद्यातलं विष धरून ठेवणारं. पिशवी फोडली तर आत राखाडी माती! माती विकत घ्यायची? धाकटा भाऊ तर घमेलं घेऊन रानाकडे निघालाच.

त्याला अडवलं ते कृषी शिकणाऱ्या पुतणीने. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या तुमच्या कामाचा 2010 चा शोधनिबंध तिने आम्हाला ओट्यावर बसवून समजावला. स्मेक्टाइट म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीतलं खनिज, त्याचा एकेक थर जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, जाडीचा. थरांमधल्या फटीत पाणी आणि कॅल्शियमसारखे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. अफ्लाटॉक्सिनचा रेणू त्या फटीत शिरतो, त्याचे ऑक्सिजन आयनांना धरतात, कधी थेट, कधी मधल्या पाण्याच्या आधाराने. मग बरंचसं विष रक्तात न उतरता शेणावाटे जातं. आमचं रान उन्हाळ्यात भेगाळतं नि पावसात फुगतं, तेही स्मेक्टाइटमुळेच. आजवर या चिकट मातीला आम्ही शिव्याच घातल्या होत्या!

मग भावाचं घमेलं का नको? कारण सगळं स्मेक्टाइट सारखं नसतं. थरांवरचा विद्युतभार आणि मधले आयन बदलले की पकड बदलते, हे तुम्ही आणि तुमचे सहकारी डॉ. जो डिक्सन यांनी वेगवेगळे नमुने तपासून दाखवलंत. शिवाय रानातल्या मातीत फवारणीचं काय काय मुरलेलं असतं. तुमच्या अमेरिकेतच 1997 मध्ये खाद्यात मिसळलेल्या चिकणमातीतून कोंबड्यांमध्ये डायऑक्सिन हे विषारी रसायन गेलं होतं ना? आभार मानायचे ते मुख्यतः या सावधपणाचे. पिशवीवरच्या जाहिरातीत हे कुठे असतं?

फ्युमोनिसिन नावाच्या दुसऱ्या बुरशीविषावर ही माती फारशी चालत नाही, असंही पुतणी सांगते. म्हणून यंदा मका ताडपत्रीवर कडकडीत वाळवला आणि मगच भरडला. दूध परत आलेलं नाही.

भाऊ मात्र हटलेला नाही. बांधाजवळची माती त्याने डब्यात भरून ठेवली आहे, डब्यावर गट नंबरही लिहिलाय. ती कुठे तपासून मिळेल, तेवढं कळवाल का?

आपला,
एक दूध उत्पादक