तिरक्या रांगेतल्या रेकॉर्डी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

गेले तीन आठवडे मी रोज रात्री एक रेकॉर्ड ऐकतोय. हाताला येईल ती नव्हे. ‘माझ्या लाडक्या’ म्हणून ज्यांची नावं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आलो, तेवढ्याच. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मधे उठायचं ते फक्त तबकडी उलटायला, एवढी एकच अट. तुझी आई म्हणते, रिटायर झालेल्या माणसाला अटी घालायला साहेब लागत नाही. असो.

सुरुवात अमीर खाँसाहेबांपासून केली. त्या एलपीच्या एका बाजूला मारवा राग आहे, दुसरीला दरबारी. मारव्याची बाजू दिव्याखाली धरली तर काळी म्हणवेना, राखाडी पडलीय. दरबारीची बाजू मात्र कालच कव्हरातून निघाल्यासारखी चकचकीत. म्हणजे जी रेकॉर्ड मी आयुष्यभर मिरवली, ती अर्धीच ऐकली होती! दरबारी नवख्यासारखा ऐकला. त्या डोलणाऱ्या गंधारापाशी सुई उचलून मागे न्यावीशी वाटली, नेली नाही.

मारव्याच्या शेवटाला मात्र पूर्वीसारखीच खरखर. मी रेकॉर्डिंगला नावं ठेवायचो, पण दोष बराचसा तबकडीच्या भूमितीचा आहे. फेरे सगळीकडे तेवढेच, मिनिटाला 33⅓. पण काठाशी सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम 20. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. आणि ख्यालगायकीची रीतच अशी, की द्रुत ताना शेवटी, नेमक्या त्या अडचणीच्या जागी येतात. त्यात माझ्या जुन्या सुईनं तिथेच जास्त घासलं असणार.

मग ‘काइंड ऑफ ब्लू’. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची, 1959 सालची. तुला आठवत असेल, मी ती लावून शेजारी पेटी घेऊन बसायचो आणि पाच मिनिटांत वैतागून उठायचो. पहिल्या बाजूचा सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसायचा नाही, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळायचा. दुसरी बाजू मात्र बिनतक्रार जुळायची. मी आधी पेटीला दोष दिला, ती दुरुस्तीला नेऊन आणली. मग प्लेअरमधल्या तबकडी फिरवणाऱ्या पट्ट्याला, तोही बदलला. शेवटी स्वतःच्या कानाला. खरी गोष्ट अशी, की पहिल्या बाजूची गाणी ज्या दिवशी रेकॉर्ड झाली, त्या दिवशी टेपचं मशीन किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या गतीनं वाजवली की सूर चढतो. त्याच टेपवरून तबकड्या निघत राहिल्या आणि चूक दुरुस्त होऊन अल्बम आला तो थेट 1992 मध्ये. माझी प्रत त्याआधीची. पेटी निर्दोष होती, पट्टा निर्दोष होता. कानाबद्दल मी अजून काही बोलत नाही.

आणि परवा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली.

तुझी रेकॉर्ड. 1967 ची, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. तू ती एका दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून विसरलीस, पुढे कधीतरी ती वाकलेली दिसली आणि मी तुला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. त्यानंतर तू प्लेअरला कधी हात लावला नाहीस. मी समजलो, पोरीला शहाणपण आलं.

परवा ती काढताना शेजारच्या दोन रेकॉर्डीही बाहेर आल्या. सहज डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिल्या. त्याही वाकलेल्या. त्याच बाजूला, तशाच. त्या दोन्ही कधी खिडकीपर्यंत गेल्याच नव्हत्या, त्यातली एक तर मी भेट मिळाल्यापासून फारतर दोनदा लावली असेन. ऊन लागून बिघडली असती तर तुझी एकटीच बिघडायला हवी होती.

मग शेल्फाकडे नीट पाहिलं. खालचा कप्पा अर्धा रिकामा, सगळी रांग एका अंगावर रेललेली, शेवटच्या तिघींवर बाकीच्यांचा भार. रेकॉर्ड उभी ठेवायची ती ताठ, मागेपुढे आधार देऊन. वर्षानुवर्षं तिरकी राहिली की विनाइल हळूहळू तो बाक घेतंच. हे मला तेव्हाही माहीत होतं. लोकांना सांगायचोसुद्धा. कप्पा मी लावलेला होता, तू नव्हे.

चुकलं माझं. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू लगेच ‘जाऊ दे ना बाबा’ म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं.

रेकॉर्ड वाजते. सुई बाकावर चढते, उतरते, पण खाच सोडत नाही. संतूरचं फारसं बिघडत नाही, त्याचा स्वर उमटतो आणि विरतो, हलायला त्याला वेळच मिळत नाही. बासरीचा लांब सूर मात्र प्रत्येक फेऱ्याला पाण्यातल्या काठीसारखा हलतो. दोन काचांमध्ये दाबून सरळ करतात म्हणे, पण माझा हात धजत नाही.

कप्पा आता गच्च भरलाय, रांग ताठ उभी आहे. माझी अट मात्र मी मोडली. पहिल्या बाजूचा शेवटचा राग पिलू संपला, सुई उचलली आणि तबकडी उलटलीच नाही. भूप, देस, पहाडी तू आलीस की ऐकू. प्लेअर तूच लाव.

तुझा,
बाबा