रस्ता हवा की नको, एवढंच विचारून कसं चालेल?

मा. संपादक,

आमची वसाहत आणि शेजारची वसाहत जोडणारा रस्ता काढायचा प्रस्ताव आलाय तेव्हापासून दोन्हीकडे नुसती जुंपलीय. परवा बैठक झाली, दीड तास आरडाओरडा, शेवटी हात वर करून मत घ्यायचं ठरलं तर भाडेकरूंचे हात मोजायचे का यावरून परत भांडण. मी 'रस्ता नको' म्हणणाऱ्या बाजूला राहतो, तरीपण लिहितोय.

आमच्या गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात, मधे फक्त एक भिंत, पण गाडीने जायचं तर दोन किलोमीटरचा वळसा. त्या भिंतीला कोपऱ्यात एक भगदाड पाडलेलं आहे आणि विरोध करणारे सुद्धा त्यातूनच ये-जा करतात, मीही करतो.

विरोधकांची भीती खोटी नाहीये. शॉर्टकट निघाला की फक्त शेजारचेच येतील असं थोडंच आहे, मेन रोडला जाम लागला की मोबाइलवरचा नकाशा कुठकुठल्या गाड्या आपल्या गल्लीत आणून सोडतो आणि त्यांना इथे मुलं खेळतात वगैरेशी काही देणंघेणं नसतं. डोनाल्ड ॲपलयार्ड या अभ्यासकाने १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकसारख्याच तीन रस्त्यांची पाहणी केली होती. दिवसाला २,००० गाड्या जायच्या त्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते, १६,००० जायच्या तिथे १ सुद्धा धड नव्हता. वर्दळ वाढली की लोक ओटा सोडून आत जातात, दार लावून घेतात.

पण हो म्हणणारेही वेडे नाहीत ना. आमच्याकडे आत यायला एकच तोंड, तिथे झाड पडलं किंवा खोदकाम निघालं की आतले आत आणि बाहेरचे बाहेर. ॲम्ब्युलन्स किंवा बंब त्या वेळी कुठून आणणार?

आणि एक मुद्दा बैठकीत कोणी काढत नाही, जिन्यात काढतात. 'तिकडचे लोक इकडे येतील.' ट्रॅफिकच्या नावाखाली निम्मा विरोध हाच आहे असं माझं मत, राग आला तरी चालेल. अहो तिकडचे लोक रोज येतायत, त्या भगदाडातून, आणि आपण तिकडे जातोय.

माझं म्हणणं एवढंच की जोडा, पण कोणासाठी जोडताय ते आधी ठरवा. चालणारे आणि सायकलवाले यांना सरळ वाट द्या, गाड्यांसाठी मधे लोखंडी खांब टाका, काढता येणारे, किल्ली अग्निशमन दलाकडे आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे. नेदरलँड्समधलं हाउटन हे अख्खं गाव असंच बांधलंय, सायकल गावातून सरळ जाते आणि कारला शेजारच्या भागात जायचं तरी बाहेरच्या रिंग रोडवरून फिरून यावं लागतं. आपल्याकडे खांबांमधून स्कूटर घुसणार हे मला माहितीये, तिरपे कठडे लावले तरी थोड्या घुसतीलच, पण स्कूटर घुसणं वेगळं आणि डंपर घुसणं वेगळं.

हेही पटत नसेल तर सहा महिने ट्रायल घ्या. फक्त दोन्हीकडच्या गाड्यांची मोजणी वाट उघडायच्या आधी करा, सकाळची आणि संध्याकाळची वेगवेगळी, नाहीतर नंतर 'बघा वाढली' आणि 'कुठे वाढली' यातच सहा महिने जायचे.

ता.क. बैठकीनंतर कोणीतरी ते भगदाड विटा लावून बुजवलं. आज सकाळी पाहिलं तर वरच्या चार विटा काढून बाजूला नीट रचून ठेवलेल्या, आणि आमच्याच बाजूने पाय ठेवायला एक दगडही आणून टाकलेला.

— एक रहिवासी