डब्यातला 'ळ'

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर हा पोषण महिना. त्या निमित्तानं बालवर्गांच्या भिंतीवर तक्ते लागतात. एका बाजूला सफरचंद आणि ब्रोकोली, दुसऱ्या बाजूला बर्गर आणि त्यावर लाल फुली. मुलं ते रंगवतात, फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात आणि मधल्या सुट्टीत डब्यांतून चिप्सची पाकिटं निघतात. मी बार्शीत 19 वर्षं बालवाडी चालवते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी ब्रोकोली येत नाही. भोपळा, पडवळ, मुळा, आवळा येतो. त्यांना तक्त्यावर जागा का नाही, हे मला कधी कळलेलं नाही.

दुसरीकडे पालकांचा एकच घोर असतो : "बाई, शेजारच्या शाळेतली पोरं पानभर अ-आ-इ लिहितात, आमचा अजून लिहीत नाही." त्यांची काळजी खोटी नाही. पण अक्षर आधी कानात आणि जिभेवर बसावं लागतं, हातात ते नंतर येतं. आणि जिभेवर बसवायचं तर खाण्याच्या पदार्थांइतकं जवळचं मुलाला दुसरं काही नाही. म्हणून माझ्या वर्गात उच्चार आणि आहार असे दोन तास नसतात, तो एकच तास असतो.

'ळ' चंच बघा. चार वर्षांच्या मुलाला तो जड जातो. केळ्याला 'केलं' आणि फळाला 'फल' म्हणणारी दोन-चार मुलं दर वर्षी असतात. मुळाक्षरांच्या तक्त्यात 'ळ' येतो पार शेवटी आणि तोही 'बाळाचा', कारण 'ळ' नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही. पण स्वयंपाकघरात शिरलं की जिकडेतिकडे तोच : केळं, डाळ, तांदूळ, गूळ, तीळ, नारळ, उसळ, जांभूळ. गेल्या वर्षी एका मुलीला कितीही सांगितलं तरी जमेना. मग पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा दिला आणि म्हटलं, हा टाळूला चिकटव आणि जिभेच्या शेंड्यानं काढ बघू. जीभ मागे वळली, टाळूला लागली. दोन-तीनदा हा खेळ झाल्यावर म्हटलं, आता बोल. तिच्या तोंडून स्वच्छ 'केळं' आलं. ती स्वतःच दचकली आणि मदतनीस मावशींना सांगायला पळाली. त्या दिवशी तिनं अख्खं केळं खाल्लं. एरवी ती केळ्याला हात लावत नसे.

'क' आणि 'ख' यांतला फरक फळ्यावर लिहून समजत नाही. कांद्याची पातळ साल तळहातावर घेऊन तोंडासमोर धरायची. 'केळं' म्हटलं तर साल जागची फारशी हलत नाही, 'खजूर' म्हटलं की उडते. व्याकरणातलं अल्पप्राण-महाप्राण मुलं अशी हसत हसत शिकतात. 'चिंच' या एका शब्दात तर दोन वेगवेगळे 'च' आहेत. चावट पोरांच्या कानाला ते आपल्याआधी कळतात.

मटारच्या शेंगा सोलणं, मेथी निवडणं, पीठ मळणं यातून अंगठा आणि तर्जनीची जी चिमूट तयार होते, तीच पुढे पेन्सिल धरते. हे मी नव्यानं शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला पानं, बिया, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंतून बालवाडी उभी केली. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तक लावू नका, असंच सांगतो. तरी छोट्या गटाच्या दप्तरात चार-चार वह्या असतात आणि चिमुरड्यांना रात्री झोपेच्या डोळ्यांनी 'क' गिरवावा लागतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाकिटांबद्दलही लिहायला हवं. माझ्या वर्गातला एक मुलगा लांबून पाकीट पाहून त्याचं नाव सांगतो. आजी कौतुकानं म्हणाल्या, "वाचायला लागला की!" मी रंग आणि चित्र हातानं झाकलं, नुसती अक्षरं ठेवली. त्याला एकही ओळखता आलं नाही. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा 2020 चा नियम आहे. फाटकासमोरच्या टपरीवर माळेसारखी लटकलेली पाकिटं पाहिली की तो नियम कुणाला ठाऊक आहे असं वाटत नाही. पहाटे कामाला निघणाऱ्या आईला मी दोष देत नाही. तिला इतकंच सांगते, रात्रीच्या भाकरीचा गूळ-तूप घालून केलेला लाडू पाच मिनिटांत होतो आणि त्यात 'ळ' सुद्धा आहे.

मुलानं एकदा तोंड वाकडं केलं म्हणून पदार्थ सोडू नये. नवी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती समोर यावी लागते. मात्र या वयाच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. दाणे कुटून, द्राक्षं उभी चिरून द्यावीत. कुणाला कशाची ॲलर्जी आहे, हे वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना विचारून वहीत लिहून ठेवावं.

शिक्षण विभागाला आणि संस्थाचालकांना विनंती आहे की बालवर्गाच्या तपासणीत वह्यांची पानं मोजू नका. मुलांशी बोला, त्यांचे उच्चार ऐका, डबे उघडून बघा.

संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही 'ळ' घेणार आहोत. प्रत्येक मुलानं घरून मूठभर तीळ आणायचे, वर्गात निवडायचे, भाजताना तडतड ऐकायची, गुळाचा खडा चाखायचा आणि एकमेकांना 'तिळगूळ घ्या' म्हणायचं. ज्याचं 'तिलगूल' होईल, त्याला आणखी एक वडी मिळेल, म्हणजे पुन्हा म्हणून बघता येईल.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका
बार्शी, जि. सोलापूर