पथकातला 'दादा' कुठे गेला?

महोदय,
माझी मुलगी सोळा वर्षांची. गेली दोन वर्षं पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात वाजवते. नदीपात्रातल्या सरावाहून रात्री येते तेव्हा बोटांना चिकटपट्ट्या आणि कानात ठोके असतात. कौतुकच आहे.

यंदा ताशा शिकवणारा दादा मध्येच दिसेनासा झाला. 'वैयक्तिक कारणामुळे' एवढाच मेसेज ग्रुपवर. तो मुलींना रात्री-अपरात्री काय पाठवायचा, हे आम्हाला मुलींकडूनच कळलं. प्रमुखांना विचारलं तर म्हणाले, "ताई, मिरवणूक तोंडावर आलीय, पथकाचं नाव खराब होईल." पंधरा दिवसांत तोच दादा दुसऱ्या पथकात पोरांना ताशा शिकवत होता! तिथल्या पालकांना कोण सांगणार?

अल्पवयीन मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं 'पॉक्सो' कायद्याच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मेसेज गुन्ह्यात बसतात का, ते पोलीस ठरवतील. प्रमुखांनी परस्पर ठरवू नये. आणि नावनोंदणीच्या फॉर्मवर रक्तगट विचारता, तिथेच तक्रार कोणाकडे करायची तो नंबरही छापा.

– एक आई, पुणे