जुन्या बीएसएची डागडुजी

बर्मिंगहॅम

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "भंगार विकत घेतलंस आणि वर त्याचं कौतुक सांगतोस!" तेवढ्यात तुझ्याकडं गिऱ्हाईक आलं आणि वाद अर्धवट राहिला. आता त्या जुन्या रायफलीबद्दल सविस्तर लिहितो. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, तेव्हा पत्र मधेच ठेवून देऊ नकोस.

रायफल आहे बीएसए मार्टिनी इंटरनॅशनल, मार्क टू. १९५०च्या दशकातली, .२२ची (म्हणजे .२२ इंची नळीची), एका वेळी एकच गोळी. बीएसए म्हणजे तीच, जिच्या नावाच्या सायकलवरून तू मला डबलसीट न्यायचास. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, स्थापना १८६१. आधी बंदुका, मग सायकली, मग मोटारसायकली. कारखाना इथल्याच स्मॉल हीथ भागात होता. नोव्हेंबर १९४०मध्ये जर्मनांचे बॉम्ब पडले आणि त्यात तिथले ५३ कामगार गेले. पुढं धंदाच बसला आणि बराचसा कारखाना पाडला. रायफलीवर मात्र कंपनीचं चिन्ह, तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या, अजून ठळक दिसतं.

तिची खरी गंमत पोटात आहे. आपण एनसीसीत चालवली त्या .२२ला उजवीकडं मागंपुढं ओढायचा बोल्ट होता आणि तू डावखुरा, त्यामुळं प्रत्येक गोळीला तुझी कसरत व्हायची. उस्तादांच्या शिव्या मला अजून आठवतात. हिला बोल्टच नाही. चापाच्या मागची लिव्हर खाली ओढली की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा पुढून खाली झुकतो, रिकामं काडतूस मागं येतं, वरून नवं सरकवायचं, लिव्हर वर. डावा-उजवा दोघांना सारखंच. मूळ कल्पना पीबडी नावाच्या अमेरिकनाची, सुधारली स्वित्झर्लंडच्या मार्टिनीनं, आणि १८७१ला ब्रिटिश लष्करानं ती मोठ्या नळीच्या मार्टिनी-हेन्री रायफलीत घेतली. पुढं दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात साध्या शेतकऱ्यांची नेमबाजी बघून इंग्रजांचे डोळे उघडले आणि गल्लीबोळांत .२२चे क्लब निघाले. १९०१ला तर कामगारांच्या रायफल क्लबांची संघटनाच उभी राहिली. लष्करानं टाकून दिलेली ती रचना या क्लबांत पुढं कित्येक दशकं पदकं मिळवत राहिली.

आता भंगाराकडे येऊ. इथं बंदूक बाजारातून उचलून आणता येत नाही. पोलिसांच्या परवान्यावर त्या प्रकारच्या रायफलीची मंजुरी लागते, घरी भिंतीला ठोकलेलं पोलादी कपाट लागतं. हे सगळं होऊन ती हातात आली तेव्हा इतकी कमी किंमत ऐकून मलाच वाईट वाटलं. सगळ्यांना हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या रायफली हव्यात, सहा किलोंहून जड लाकडी धूड कुणालाच नको.

आडवी खीळ काढली की हातोडी, स्प्रिंग, ठोकळा असा सगळा संच एकत्र हातात येतो. हे मला फार आवडतं. आत जुनं ग्रीस आटून काकवीसारखं चिकट झालेलं, त्यामुळं चाप कधी हलका, कधी जड. रॉकेलनं धुऊन, पुसून, थेंबभर तेल दिलं आणि चाप ताळ्यावर आला. स्प्रिंग बदलायची गरजच नव्हती. नळीतून चिंदी ओढली तर काळी, मग करडी, मग त्यावर शिशाचे चमकते कण. .२२ची गोळी नुसत्या शिशाची, वरून मेण लावलेली; वर्षानुवर्षं नळी साफ केली नाही की चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या जागेच्या, पुढं जळक्या दारूचं कडकडीत कडं जमतं. ते सोडवायला धीर लागला. मी पुल-थ्रूच, म्हणजे चिंदी बांधलेली दोरीच, वापरतो, मागून पुढं, एनसीसीत शिकवलं तसंच.

खरं दुखणं वेगळंच निघालं. उडवलेलं काडतूस सहज निघेना. भिंगाखाली धरलं तर त्याच्या कडेशी, नेमक्या एकाच जागी, बारीक ओरखडा. आधीच्या कुणीतरी रिकामी रायफल खटाखट चालवली असणार. .२२ची दारू पेटते ती काडतुसाच्या काठावर आघात होऊन, म्हणून पिन काठावर आपटते. आत काडतूस नसेल तर तीच पिन चेंबरच्या तोंडावर आपटते आणि पोलाद दबून आत येतं. हे काम बंदूक-कारागिराचं. त्यानं दबलेला भाग जागेवर बसवला, आणि नळीचं पुढचं तोंडही तपासून पुन्हा सारखं कापून दिलं. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्या काठाचा. तिथं एका बाजूला झीज असेल तर बाकीची नळी कितीही चांगली असून उपयोग नाही.

क्लबातल्या एकानं सल्ला दिला, नळीला नवा निळा रंग चढव, लाकूड घासून आरशासारखं कर. मी साफ नाही म्हटलं. लाकडाखाली लपलेला गंज तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलनं काढला, तेवढंच. हाताच्या घामानं जिथं निळा रंग उडालाय तिथं तो उडालेलाच राहू दे. घासण्याच्या नादात लाकडाच्या कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात, हे लाकडाचं काम करणाऱ्या तुला मी काय सांगू? अक्रोडाच्या दस्त्यावरचे पोचे मात्र ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवून वर आणले. तुझ्या वडिलांचीच युक्ती.

आता या वयात हिचं करायचं काय? पडून नेम धरणं माझ्या कोपरांना आणि मानेला झेपत नाही. इथल्या क्लबांत हल्ली बेंचरेस्ट चालतं: टेबलाशी खुर्चीवर बसायचं, रायफल पुढं टेकणावर, मागं वाळूच्या पिशवीवर. पडून मारण्यासाठी बनवलेली ही जड रायफल त्याला झकास जमते, वजनामुळं जागची हलत नाही. पुढच्या दस्त्याखाली हात अडकवायची जी पट्टी आहे, तिथं एक रुंद, सपाट लाकडी ठोकळा बसवला. मूळ लाकडाला एकही भोक पाडलं नाही. उद्या कुणाला पुन्हा पडून मारायचं असेल तर ठोकळा काढला की झालं. नेम धरायच्या मागच्या साइटला छिद्र लहान-मोठं करता येणारा पडदा लावल्यामुळं माझ्या चष्म्याचीही सोय झाली. २५ यार्डांच्या कार्डावर दहा छोटी वर्तुळं असतात, प्रत्येकात एक गोळी. गोळ्यांच्या वेगवेगळ्या लॉटची तुलना केली तर एकाच कंपनीचे दोन लॉटही सारखे पडत नाहीत. हिला कुठला मानवतो ते शोधणं चालू आहे. क्लबातली डावखुरी पोरं मात्र आत्ताच हिच्यावर डोळा ठेवून आहेत.

तुमच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा मी इथं क्लबात सगळ्यांना चहा पाजला. त्याच्या अत्याधुनिक रायफलीत आणि माझ्या या म्हातारीत जमीन-अस्मानाचा फरक, पण गोळी तीच .२२. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. कोल्हापूरचा माणूस, राहवत नाही.

आता तुझं काम. मुठीपाशी लाकडाला केसाएवढी चीर आहे, रेषेच्या दिशेनं, साधारण दोन इंच. त्यात जुनं तेल मुरलंय, म्हणजे डिंक धरणार नाही असं मला वाटतं. तेल कशानं उतरवावं, आणि चिरेत साधा वुड ग्लू भरू की इपॉक्सी? वरून जवसाचं तेल देणार आहे, तर चिकटवलेली जागा वेगळी दिसू नये म्हणून आधी काही रंग द्यावा का? व्हॉट्सॲपवर फोटो टाकतोय, उजेडात काढलेत. तुझं उत्तर येईपर्यंत तिला हात लावत नाही, पण आठवडाभरात कळव. पुढच्या महिन्यात क्लबाची स्पर्धा आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या