हरलेल्या मुलांना 'बदला घे' सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी बॉक्सिंग करते, आम्ही खडकीला राहतो. मागच्या वेळी जिच्याकडून ती हरली तिच्याशीच आता परत बाऊट, म्हणजे सामना, पडायची शक्यता आहे आणि घरीदारी जो तो एकच सांगतोय, या वेळी सोडू नकोस, बदला घे. सांगणाऱ्यांची माया कळते हो, पण त्याने पोरीचं काय होतं ते मी रोज बघतोय.

पॅडवर (कोच हातात धरतात ती ठोसे मारायची गादी) प्रॅक्टिस करताना तिच्या कोच सरांनी डावा हात नुसता हलवला तरी ती डोळे मिटते. आधी असं अजिबात नव्हतं. त्या हरलेल्या बाऊटमध्ये दुसऱ्या राऊंडला लेफ्ट हुक (डाव्या हाताचा बाजूने येणारा ठोसा) बसून काउंट झाला, म्हणजे रेफरीने आकडे मोजले, तिथेच ती अडकलीये. फिटनेस मस्त, वजन बरोबर, आणि तरी हे असं. राग चढवून दिला की ती सरळ अंगावर धावून जाते, हनुवटी वर येते, मग परत तोच हुक. सरांनी तिला बाऊटचा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला आणि एवढंच विचारलं, हुक बसायच्या आधी तुझा उजवा हात कुठे होता? खाली होता. त्या दिवशी ती घरी येताना बऱ्याच दिवसांनी बडबड करत आली, कारण 'ती माझ्यापेक्षा भारीच आहे' यावर काही करता येत नाही, पण हात खाली राहतो तो वर ठेवायची सवय लावता येते.

मोठमोठ्या बॉक्सरांचंही हेच झालंय. १९३६ मध्ये श्मेलिंगने जो लुईसला बाराव्या राऊंडला नॉकआउट केलं, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारल्यावर लुईसचा डावा हात खाली येतो हे त्याने आधीच फिल्म बघून हेरलं होतं. लुईस मधल्या काळात लढत राहिला, वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि १९३८ची रिमॅच त्याने १२४ सेकंदांत संपवली. जून २०१९ मध्ये अँथनी जोशुआला अँडी रुईझने चार वेळा पाडलं, तर डिसेंबरमध्ये जोशुआ वजन उतरवून आला आणि हाणामारीत न शिरता बाराही राऊंड लांबून जॅब मारत पॉइंटवर जिंकला. स्वतःला एवढं आवरणं मला तरी नॉकआउटपेक्षा अवघड वाटतं. रुईझ मात्र आधीपेक्षा जाड होऊन आला होता, म्हणजे जिंकलेल्याचंही डोकं ठिकाणावर लागतं. आणि फ्लॉइड पॅटरसन, ज्याने १९६० मध्ये योहान्सनला हरवून हेवीवेट टायटल परत मिळवलं, असं करणारा तो पहिलाच, तोच पुढे १९६२ला लिस्टनसमोर पहिल्या राऊंडला नॉकआउट झाला आणि दहा महिन्यांनी रिमॅचलाही पहिल्याच राऊंडला. हिंमत कमी होती असं त्याला कोण म्हणेल?

आपल्या पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, पण गल्लीतल्या छोट्या क्लबच्या पोरांना खेळाचा मानसशास्त्रज्ञ कुठून परवडणार? मोठ्या स्पर्धांआधी असा एखादा माणूस सगळ्या क्लबना मिळून तरी द्यावा, अशी संघटनांना कळकळीची विनंती. तुमच्याकडेही एक मागणं आहे, शाळकरी मुलांच्या बाऊटच्या बातमीला 'वचपा काढणार का' असली हेडलाईन नको, पोरं ती मोबाईलवर वाचत बसतात.

आणि पालकांनो, दोन राऊंडच्या मधे जो एक मिनिट मिळतो तो कोचचा असतो, तेवढा वेळ तरी बाहेरून ओरडू नका.

आपला,
एक पालक, खडकी, पुणे