उंच केलेल्या पिकअपचे अलाइनमेंट नीट करून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना आभाराचे पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

माझ्या पिकअपचे सस्पेन्शन उंच करून घेतल्यानंतर तिचे व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, आपण ज्या काळजीने करून दिलेत, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. निघताना मी आपल्याला समक्ष धन्यवाद म्हटले होते; परंतु आपण नेमके काय केलेत हे त्या वेळी मला पुरते उमगले नव्हते, ते पुढे गाडी चालवताना हळूहळू कळत गेले. पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच, की गाडी उंच करून घेणाऱ्या इतरांनाही या कामात काय मागायचे आणि काय तपासायचे हे ठाऊक व्हावे.

गाडी आपल्याकडे आली तेव्हा पुढची बाजू सुमारे 2 इंच, म्हणजे 50 मिलिमीटर उचललेली होती, मागच्या स्प्रिंगचे पाटे बदललेले होते आणि दुसऱ्या एका ठिकाणी अलाइनमेंटही करून झालेले होते. तिथून मिळालेल्या कागदावर टो (वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळलेले आहे तो कोन) हिरव्या रंगात, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, होता, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळते तो आस बाजूने पाहता मागे किती कललेला आहे तो कोन) लाल होता, आणि उंच केलेल्या गाडीचे असेच असते असे सांगून माझी बोळवण झाली होती. प्रत्यक्षात गाडी सरळ रस्त्यावर भरकटत होती, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून मध्यावर येत नव्हते, पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे ओढत होती आणि सरळ जातानाही स्टिअरिंगचा आडवा दांडा तिरका राहत होता. हे सगळे मी भराभरा सांगत असताना आपण ते मध्ये न तोडता ऐकून घेतलेत, याचेही मला अप्रूप वाटते.

त्यानंतर आपण मशीनला हात न लावता पुढच्या टायरला हात लावलात. तळहात रबराच्या नक्षीवरून आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत असा फिरवलात आणि मलाही तसेच करायला सांगितलेत. एका दिशेने हात सहज सरकत होता, उलट दिशेने नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना लागत होती. अशी धार उठली की टो बिघडलेला असतो आणि टायरची एकच कड गुळगुळीत झिजली की कॅम्बरकडे, म्हणजे समोरून पाहता चाक आत-बाहेर किती कलले आहे त्याकडे, पाहायचे, हे आपण त्या वेळी सांगितलेत. तेव्हापासून दर धुण्याला मी चारही टायरवरून असा हात फिरवतो, कारण डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ही झीज हाताला कळते.

गाडी रॅम्पवर चढवण्याआधी आपण चारही टायरची हवा सारखी केलीत, टाय रॉडचे (चाके वळवणाऱ्या दांड्यांचे) टोक आणि बॉल जॉइंट (चाकाजवळचे गोळ्याचे सांधे) हलवून त्यांत ढिलाई नाही ना ते पाहिलेत आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजलीत. स्ट्रटच्या (पुढची स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावर बसवलेला ठोकळा 1 इंचाचा असला तरी चाकापाशी उंची जवळजवळ दुप्पट का वाढते, हे मला तिथे समजले. स्ट्रट खाली थेट चाकाला नव्हे, तर लोअर आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मधल्या भागाला जोडलेला असतो, त्यामुळे वरचा लहानसा बदल चाकापर्यंत पोहोचेतो मोठा होतो. आणि दोन बाजूंच्या बसवणीत किरकोळ फरक राहिला तर तोही तसाच मोठा होतो. गाडीची उभी राहण्याची उंची ठरल्याशिवाय कोनांना हात घालण्यात अर्थ नाही, असे आपण म्हणालात.

यानंतर आपण जे केलेत त्यासाठी मी आपला सर्वांत जास्त ऋणी आहे. लोअर आर्मच्या बुशचे (चॅसीकडच्या रबरी सांध्यांचे) बोल्ट चाके हवेत लोंबकळत असताना आवळले गेले आहेत, अशी शंका आपल्याला आली. अशा बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटलेले असते. आर्म खाली झुकलेला असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताच ते रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते, गाडीला तिच्या खऱ्या उंचीवर बसू देत नाही आणि अखेर फाटते. आपण बोल्ट सैल केलेत, गाडीचे वजन चाकांवर येऊ दिलेत, बंपर दाबून ती वरखाली हलवलीत आणि थोडी मागेपुढे ढकललीत. डावा कोपरा काही मिलिमीटर खाली बसला आणि दोन्ही बाजूंच्या उंचीतला फरक जवळपास मिटला. कोन जुळवून झाल्यावर, वजन चाकांवर असतानाच, टॉर्क पान्याने तेच बोल्ट ठरलेल्या मापाला आवळलेत. छापील कागदावर या कामाची एक ओळही उमटत नाही. परंतु हे झाले नसते तर उभ्या गाडीची उंचीच खोटी राहिली असती आणि पुढचे सगळे आकडे त्या खोट्या उंचीवर घेतले गेले असते.

पडद्यावर आकडे आले तेव्हा डाव्या चाकाचा कॅस्टर 1.1 अंश आणि उजव्याचा 1.9 अंश होता, तर डाव्या चाकाचा कॅम्बर जवळजवळ 1 अंश बाहेरच्या बाजूला कललेला होता. गाडी कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढते आणि जास्त बाहेर कललेल्या चाकाच्या बाजूलाही ओढते. माझ्या गाडीत ही दोन्ही कारणे डावीकडेच एकत्र आली होती. गाडी उचलल्याने हे का होते, तेही आपण आर्मकडे बोट दाखवून समजावलेत. अप्पर आर्म आखूड आणि लोअर आर्म लांब असल्याने दोघांची टोके वेगवेगळ्या कमानीवर फिरतात, म्हणून उंची बदलली की कॅम्बर बदलतो, आणि तो कोणत्या बाजूला बदलेल हे आर्मची लांबी आणि ते चॅसीला कुठे जोडलेत यावर ठरते. शिवाय आर्मचे आस पुढून मागे एकमेकांना समांतर नसतात, त्यामुळे चाक खाली जाताना वरचा बॉल जॉइंट खालच्याच्या तुलनेत पुढे सरकतो आणि कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंगला मध्यावर आणणारी ओढ मुख्यतः याच कोनातून येते. ती कमी झाली की चालक दिवसभर गाडी सरळ ठेवण्यासाठी हातांनी लहान लहान दुरुस्त्या करत राहतो आणि थकवा कशाचा हेच त्याला कळत नाही.

लोअर आर्मच्या दोन कॅम बोल्टवरचे (फिरवले की आर्मचे चॅसीकडचे टोक आत-बाहेर सरकवणाऱ्या बोल्टवरचे) आपले काम पाहणे हा माझ्यासाठी मोठा धडा होता. पुढचा कॅम आत आणि मागचा बाहेर नेला की आर्म किंचित फिरतो, खालचा बॉल जॉइंट पुढे जातो आणि कॅस्टर वाढतो. कॅम्बर आत आणायचा तर मात्र दोन्ही कॅम बाहेर न्यावे लागतात. म्हणजे पुढच्या कॅमकडून एकाच वेळी दोन उलट दिशांच्या मागण्या होत्या, आणि मागचा कॅम दोन्ही मागण्या पुरवता पुरवता त्याच्या शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. आपण एक बोल्ट जरासा फिरवायचा, दोन्ही आकडे वाचायचे, मग दुसरा फिरवायचा, असे धीराने करत राहिलात. डावीकडे कॅस्टर 2.2 अंशांवर येऊन थांबला. कॅम्बर बिघडवून तो आणखी थोडा ओढता आला असता आणि रकाना हिरवाही दिसला असता. परंतु आपण तसे केले नाहीत. मूळ अप्पर आर्म ठेवून या उंचीला यापेक्षा चांगले होणार नाही, बॉल जॉइंट मागे सरकवून बनवलेले अप्पर आर्म बसवले तरच कॅस्टर पुरेसा मिळेल, असे आपण स्पष्ट सांगितलेत. तोवर गाडी सुरक्षित चालावी म्हणून दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या करून दिल्यात. ज्या कामाची हद्द संपली आहे ते संपले असे सांगणारा कारागीर भेटणे, याचे मोल मी फार मोठे समजतो.

मागच्या अ‍ॅक्सलबद्दलही असेच. पाट्यांवर बसवलेल्या मागच्या अ‍ॅक्सलला जुळवणीची सोय नसते, म्हणून त्याकडे कोणी पाहतच नाही. आपण मात्र चारही चाकांना टार्गेट (मशीनला चाकाची दिशा दाखवणाऱ्या खुणा) लावलेत आणि मागची चाके गाडीला कुठल्या दिशेने ढकलत आहेत हे आधी पाहिलेत. ती दिशा मध्यरेषेपासून ढळलेली निघाली, तेव्हा पाट्यांचा मधला बोल्ट अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात नीट बसलेला नाही हे आपण शोधून काढलेत, अ‍ॅक्सल चौरस बसवलात आणि पाटे बांधून ठेवणारे यू-बोल्ट नवे घालायला लावलेत, कारण एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाहीत. माझे स्टिअरिंग तिरके राहण्याचे मूळ मागच्या बाजूला होते. केवळ पुढचे टाय रॉड फिरवून ते सरळ करणाऱ्याला ते कधीच सापडले नसते.

टो आपण सर्वांत शेवटी, स्टिअरिंग मध्यावर बांधून ठेवून जुळवलात, कारण कॅम्बर किंवा कॅस्टर हलवला की टो हलतोच. पाव अंशाने काय बिघडते, असे मी विचारले होते. त्यावर आपण हिशेब करून दाखवलात, की सरळ जाणाऱ्या गाडीचे चाक पाव अंश तिरके असेल, तर दर किलोमीटरला ते टायर 4 मीटरांहून अधिक आडवे घासले जाते. घरी येऊन मी गणित पुन्हा मांडून पाहिले आणि ते तंतोतंत बरोबर निघाले. नव्या टायरच्या कडा इतक्या लवकर का उठल्या होत्या, हे त्या एका आकड्याने समजले.

स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरचे शून्य नव्याने नोंदवणे, पुढची बाजू उचलल्याने समोरच्यांच्या डोळ्यांवर जाणारे हेडलाइट खाली करणे, मागच्या ब्रेकच्या दाबाचा झडप-दांडा नव्या उंचीप्रमाणे सरकवायला सांगणे, ही कामे आपण न मागता केलीत किंवा सुचवलीत. शेवटच्या सूचनेचे महत्त्व मला आता कळते: मागची बाजू उंच झाली की ती झडप गाडी रिकामी आहे असे धरून चालते आणि माल भरलेला असतानाही मागच्या ब्रेकला पुरेसा दाब देत नाही.

आपल्या सांगण्याप्रमाणे अप्पर आर्म बदलून गाडी पुन्हा आपल्याकडे आणली, तेव्हा कॅस्टर डावीकडे 3.5 आणि उजवीकडे 3.3 अंशांवर बसला. रस्ता ज्या बाजूला उतरता असतो त्या बाजूचा कॅस्टर किंचित जास्त ठेवला की गाडी उताराकडे वाहत नाही, म्हणून हा लहानसा फरक आपण मुद्दाम ठेवलात. आता वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग तळव्यांखालून स्वतःहून मध्यावर परतते. लांबच्या प्रवासानंतर खांदे दुखत नाहीत. माझ्या घरातली माणसे याच गाडीतून प्रवास करतात, त्यामुळे ही गोष्ट माझ्यासाठी केवळ टायर वाचण्यापुरती नाही.

आपण प्रत्येक वेळी आधीचे आणि नंतरचे आकडे छापून हाती दिलेत, तेही जपून ठेवले आहेत. गाडी उंच करून घेणाऱ्या माझ्या एका मित्राला मी ते दाखवले आणि काम कुठेही करून घेतले तरी बुशचे बोल्ट वजनावर आवळले का, मागच्या अ‍ॅक्सलची दिशा पाहिली का आणि दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये किती फरक उरला, हे तीन प्रश्न विचारायला सांगितले. त्याने ते विचारले आणि त्याच्याही गाडीचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळावे लागले. हे आपल्याला कळवावे असे मनात होते.

सस्पेन्शन थोडे बसल्यावर उंची पुन्हा मोजायला आपण सांगितले होते. मी मोजली आहे. पुढे दोन्ही बाजूंना सारखीच, सुमारे 5 मिलिमीटर उतरली आहे. टायरवर धार उठलेली नाही. तरीही टो एकदा तपासून घ्यावा आणि यू-बोल्टचा टॉर्क पाहून घ्यावा, यासाठी आपल्या सोयीची वेळ कळवावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
एक पिकअपमालक